हसणारे आणि ज्यांना हसले जाते ते
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आजच्या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावे अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली, तेव्हा विषय शिक्षणनिधीचा किंवा फार तर वधूवर-परिचयाचा असेल असे आम्हांस वाटले होते. परंतु त्यांनी आमच्या हाती ठेवला तो एका ठरावाचा मसुदा. गतवर्षी प्रदर्शित झालेल्या एका लहानशा विनोदी चित्रपटात आपल्या ज्ञातीत प्रचलित असलेल्या आडनावाचा एक वाणसामानाचा दुकानदार दाखविला आहे. तो तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवितो, पाहुण्यासमोर अर्धा कप चहा ठेवतो, आणि तो तोंड उघडताच प्रेक्षागृहात हशा पिकतो. या चित्रपटाचा तीव्र निषेध करावा व त्यावर बंदी घालण्याची मागणी सरकारकडे करावी, असा तो ठराव आहे. त्यास आम्ही अनुमोदन द्यावे अशी अपेक्षा होती. ते देण्यापूर्वी आमच्या अल्पमतीप्रमाणे काही विचार आपणापुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

प्रथम हे सांगतो की, आम्ही तो चित्रपट पदरचे पैसे खर्चून पाहिला. न पाहता निषेध करणे मास्तरकीच्या धर्मात बसत नाही. पाहिला आणि मनास लागले. आमचे वडील तालुक्याच्या गावी किराणा दुकान चालवीत. 1972 च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर जाणाऱ्या कुटुंबांना त्यांनी ज्वारी उधार दिली. ती उधारी ज्या वहीत लिहिली होती, ती वही पुढे एका दिवाळीस लक्ष्मीपूजनात मांडली गेली नाही. ती कोठे गेली हे आम्ही कधी विचारले नाही व त्यांनी कधी सांगितले नाही. अशा माणसाचा मुलगा जेव्हा पडद्यावर आपल्याच आडनावाचा लुच्चा दुकानदार पाहतो, आणि पुढील रांगेतील मुले टाळ्या पिटून हसतात, तेव्हा त्याच्या घशात काय दाटून येते हे येथे जमलेल्या दुकानदार बंधूंस आम्ही सांगावयास नको. मसुदा लिहिणाऱ्या तरुणांचा संताप खोटा नाही.

परंतु सज्जनहो, त्याच चित्रपटात आणखीही पात्रे होती. एक परप्रांतीय पहारेकरी होता, जो मराठी बोलताना पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा घोटाळा करी. एक काळीसावळी, स्थूल मोलकरीण होती. ती आली की बासरीऐवजी ढोल वाजे. आणि एक तोतरा नोकर होता. दुकानदार पडद्यावर येईपर्यंतच्या अर्ध्या तासात या तिघांना पाहून प्रेक्षागृह हसत होते, आणि त्या हसणाऱ्यांत आम्हीही होतो. आपल्या आडनावाची पाटी पडद्यावर झळकली तेव्हाच आमचे हसू थांबले. घरी परतताना वाटेत आम्हांस प्रश्न पडला की, त्या पहारेकऱ्याचा भाऊबंद आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसला असता तर आमच्या हसण्याविषयी त्याने कोणता ठराव केला असता?

येथे आम्हांस एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगण्यास संकोच वाटतो. परंतु ती टाळून या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही एक प्रहसन बसविले होते. त्यात एक तोतरा गडी होता. वर्गात एक विद्यार्थी खरोखरच तोतरा होता. हुशार, अक्षर मोत्यासारखे, पण हजेरीला ओ देतानाही अडखळणारा. आम्ही ते काम त्यालाच दिले. आमचा युक्तिवाद असा की, मुलाला रंगमंचावर संधी मिळेल, त्याची भीड चेपेल. खरे कारण निराळे होते. अन्य मुलांना तोतरेपणाची नक्कल शिकवावी लागली असती. याला काहीच शिकवावे लागणार नव्हते. प्रयोग विलक्षण रंगला. मुख्याध्यापकांनी आमची पाठ थोपटली. त्या मुलाचे वडील पुढच्या सतरंजीवर बसले होते. ते प्रयोगभर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जाताना त्यांनी आम्हांस हात जोडून नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून सारी शाळा त्या मुलास नाटकातील गड्याच्या नावाने हाक मारू लागली. पुढे तो हजेरीला ओ देईनासा झाला, नुसता हात वर करी. नवीन वर्षी तो शाळेत आला नाही. त्यास इतर कारणेही असतील. परंतु त्याचे वडील हात जोडून का गेले, याचा उलगडा आम्हांस फार उशिरा झाला.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, हाताशी साधने थोडी आणि वेळही थोडा असला म्हणजे विनोद करणारा काय करतो, हे आम्ही स्वतः करून पाहिले आहे. जो विनोद आयता मिळतो तो तो उचलतो. लहान भांडवलाच्या चित्रपटाची अडचण नेमकी हीच असते. त्याच्यापाशी चित्रीकरणासाठी मोजके दिवस असतात, मोजकी स्थळे असतात, नामांकित नट नसतात. एखादे पात्र हळूहळू उलगडावे, त्याच्या स्वभावातून विनोद निर्माण व्हावा, यास लेखणीची मेहनत लागते व पडद्यावर अवकाश लागतो. त्यापेक्षा एखादी बोली, एखादी पगडी, एखादे व्यंग किंवा एखादे आडनाव घेतले की पात्र दारातून आत येताच हशा मिळतो. हा तयार माल आहे, आणि त्याची किंमत निर्मात्यास द्यावी लागत नाही. ती प्रेक्षागृहातील कोणी तरी दुसराच देत असतो.

परंतु ही नाण्याची एकच बाजू झाली. भांडवल थोडे असण्यातच या चित्रपटांचे एक मोठे सामर्थ्यही आहे. ज्या चित्रपटात कोट्यवधी रुपये गुंतलेले असतात, तो सर्वांस परिचित असलेला गोरागोमटा चेहरा सोडण्यास धजत नाही. थोडक्या पैशांत चित्रपट काढणाऱ्यास असा चेहरा परवडतच नाही; म्हणून तो गल्लीतील माणूस उभा करतो, गल्लीतील भाषा वापरतो आणि गल्लीतच चित्रीकरण करतो. ज्यांना मोठ्या पडद्यावर कोणी विचारले नसते, त्यांना या दाराने आत येता येते. दार तेच, त्यातून अपमानही आत येतो आणि माणूसही.

आपल्या परंपरेत माणूस कोणत्या रीतीने आला हे पाहण्यासारखे आहे. संस्कृत नाटकातील विदूषक आठवा. तो खादाड, भित्रा, बडबड्या. परंतु संकेताने तो ब्राह्मण असतो आणि तरीही प्राकृत बोलतो. विद्येचा मान ज्या वर्गाकडे होता, त्याच वर्गातील माणसाची थट्टा नाटककाराने केली. दारातल्या झाडूवाल्याची केली नाही. आपल्या तमाशातील सोंगाड्याही राजाला, प्रधानाला, पाटलाला भर फडात चिमटे काढतो. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याची टोपी उडविणे, हा त्याचा मान असे.

हीच सोंगाड्याची जात 1971 साली दादा कोंडके यांनी ‘सोंगाड्या’ या चित्रपटाने पडद्यावर आणली. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने नावारूपास आलेला हा नट मुंबईच्या गिरणगावात वाढलेला, एके काळी अपना बाजारात नोकरी केलेला. त्याचा नायक देखणा नव्हता. ढगळ चड्डी, लोंबणारी नाडी, तोंडावर भोळेपणा, असा तो खेडवळ गडी. तोवर मराठी पडद्यावर असा माणूस बहुधा नायकाचा नोकर म्हणून येई व दोन प्रवेशांत हसवून निघून जाई. दादांनी त्यालाच नायक केले. त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले, त्याचे एक कारण आमच्या मते हे की, गिरणीतील कामगार आणि खेड्यातील शेतकरी त्या पडद्यावर स्वतःस पाहत होता. आणि हसत होता तो स्वतःच्या हुशारीवर, स्वतःच्या अपमानावर नव्हे. अर्थात त्यांच्या द्व्यर्थी संवादांत स्त्रीची जी अवस्था झाली, तिचे समर्थन आम्ही करणार नाही. एकास सन्मानाने आत घेणारा विनोद दुसऱ्यास दाराबाहेर ठेवू शकतो, हेही त्यातूनच शिकावयाचे.

बोलीच्या बाबतीत रंगभूमीवरही असेच घडले. मालवणी बोली ही आपल्या नाटकांत पुष्कळ वर्षे घरगड्याच्या तोंडी असे. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ नाटकात 1980 पासून मच्छिंद्र कांबळी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अख्खा प्रयोग त्या बोलीत रंगविला, तेव्हा गावची फजिती होती तरी ती गावकऱ्यांनी स्वतः सांगितलेली होती. कोकणातला माणूस ते नाटक पाहून रागावला नाही. उलट मुलाबाळांना घेऊन पुन्हा पाहावयास गेला.

परंतु या विषयाचा सर्वांत बोलका दाखला आम्हांस वाटतो तो मालेगावचा. नाशिक जिल्ह्यातील मोसम नदीकाठचे हे यंत्रमागांचे गाव. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मुसलमान विणकरांच्या वंशजांची तेथे मोठी वस्ती आहे. वृत्तपत्रांत या गावाचे नाव आपण बहुधा दंगलींच्या, आणि 2006 व 2008 सालच्या बाँबस्फोटांच्या निमित्तानेच वाचले. तेथील माणूस कशाने हसतो, हे विचारण्याचे आपल्यापैकी किती जणांस सुचले? यंत्रमागावरचा कामगार आठवडाभर खडखडाटात राबतो आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी चित्रपट पाहतो. त्या गावात नासिर शेख नावाचे एक गृहस्थ व्हिडिओवर चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय करीत. त्यांनी 2000 सालाच्या सुमारास आपल्या सोबत्यांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ नावाचे विडंबन काढले. मूळ ‘शोले’ 1975 साली प्रदर्शित झाला, त्यास सुमारे तीन कोटी रुपये खर्च आला होता असे सांगतात. मालेगावच्या चित्रपटास सुमारे पन्नास हजार लागले. दरोडेखोरांसाठी घोडे परवडेनात, तेव्हा ते सायकलींवर आले. आगगाडीचे काम एस. टी. सारख्या बसगाडीवर भागविले. गब्बरसिंगाचा रबरसिंग झाला आणि बसंतीची बासमती झाली.

यात विनोद कोणाचा झाला, हे ध्यानी घ्यावे. गरिबाची थट्टा झाली नाही. थट्टा झाली ती मुंबईच्या थाटामाटाची, आणि स्वतःच्या फाटक्या खिशाची. आणि ती करणारा खिशाचा मालक स्वतः होता. पुढे याच मंडळींनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. शफीक शेख नावाचा यंत्रमागावरचा एक किडकिडीत कामगार त्याचा नायक झाला. हा महावीर आकाशात उडाला. सायकलीवर कॅमेरा बसवून आणि बैलगाडीचा आधार घेऊन या मंडळींनी चित्रीकरण केले. त्या चित्रपटाच्या निर्मितीची कहाणी फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात नोंदविली, तो देशोदेशी पाहिला गेला. शफीक शेख 2011 साली कर्करोगाने निवर्तले. या साऱ्यावर रीमा कागती यांनी काढलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट 28 फेब्रुवारी 2025 रोजी आपल्याकडे प्रदर्शित झाला, तो आपल्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. तो पाहून बाहेर पडताना आमच्या नातवाने विचारले, “आजोबा, मालेगाव आपल्यापासून किती लांब आहे?” आम्ही किलोमीटर सांगितले, पण त्याच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे आम्हांसही समजले.

तथापि या दाखल्यातही एक उणीव आहे. मालेगावच्या त्या चित्रपटांत मालेगावची स्त्री नव्हती. नट्या बाहेरगावाहून आणाव्या लागत. यावरून त्या गावास नावे ठेवण्याची घाई कोणी करू नये. त्याच नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळाली नव्हती. उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या एका तरुणास त्यांनी लुगडे नेसविले. त्याच वर्षी पुढील चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई उभ्या राहिल्या, म्हणून दार उघडले. आणि आपल्या या संमेलनाचे काय? गेल्या कित्येक वर्षांत येथे झालेल्या एकांकिकांत सासू, सून व मोलकरीण ही पात्रे भरपूर झाली. त्यांतील एकही एकांकिका आपल्या भगिनींपैकी कोणी लिहिलेली आम्हांस स्मरत नाही. मोलकरणीचे काम करणारी मुलगी दरवर्षी तोंडाला काळा रंग फासून येते. त्या वेळी मागे भोजनाची पाने मांडणाऱ्या बाया दारात उभ्या राहून नाटक पाहत असतात. त्या हसतात की नाही, हे आपण कधी वळून पाहिले आहे काय?

आता ठरावाकडे वळतो. ज्या चित्रपटाने आपणांस दुखविले त्यावर बंदी आली, तर काय होईल? दुसरा चित्रपट निघेल, त्यात आडनाव बदलेल, चिंच पारड्याला तशीच राहील. आपली सुटका होईल आणि ती चिंच दुसऱ्या एखाद्या ज्ञातीच्या पदरी पडेल. ‘आम्हांला सोडून इतर कोणासही हसा’ एवढाच जर आपल्या निषेधाचा अर्थ असेल, तर तो निषेध नव्हे, तो केवळ वशिला होय. आम्हांस असे वाटते की विनोदाची कसोटी एकच असावी: ज्याच्यावर विनोद केला तो मनुष्य आपल्या मुलाचा हात धरून पहिल्या रांगेत बसू शकेल काय? बसू शकत असेल तर त्याची फजिती खुशाल करावी, आडनावासकट करावी. आपले दुकानदार हिशेबात काटेकोर आहेत, चहाच्या कपाबाबत थोडे अधिकच आहेत. हे आम्ही घरातल्या घरात बोलून हसतोच. त्यात वडिलांची ती नाहीशी झालेली वही दाखविली असती, तर अर्ध्या कपाच्या चहावर सर्वांत मोठ्याने आम्हीच हसलो असतो.

म्हणून आम्ही मूळ ठरावास पुढीलप्रमाणे दुरुस्ती सुचवितो. एक, बंदीच्या मागणीचा परिच्छेद वगळावा, व त्याऐवजी निर्मात्यास मंडळाच्या वतीने एक सभ्य पत्र लिहावे. त्यात आपल्या दुकानदाराविषयी आपण जे लिहू तेच त्या पहारेकऱ्याविषयी, त्या मोलकरणीविषयी आणि त्या तोतऱ्या नोकराविषयीही लिहावे. चौघांची तक्रार एकाच पत्रात जावी. दोन, निषेधसभेसाठी राखून ठेवलेली रक्कम आपल्या तरुण-तरुणींस द्यावी व त्यांनी पुढील संमेलनासाठी अर्ध्या तासाचा एक विनोदी चित्रपट काढावा. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलमध्ये कॅमेरा आहे; मालेगावकरांपाशी याहून अधिक काही नव्हते, उलट पुष्कळ कमी होते. त्याचे लेखन भगिनींकडे असावे. तीन, त्या चित्रपटात अन्य समाजातील अथवा काही व्यंग असलेले पात्र असेल, तर तशा माणसास तो आधी दाखवावा, आणि त्याने मान हलविली तरच तो या सभागृहात लावावा. संमेलनाच्या दिवशी पाने मांडणाऱ्या भगिनींस दारात नव्हे, खुर्चीवर बसवावे.

या दुरुस्तीवर मत देण्यास आपण स्वतंत्र आहात. आमच्या हातून झालेल्या त्या जुन्या प्रहसनाची भरपाई अशा ठरावाने होणार नाही, हे आम्ही जाणतो. तो मुलगा आज पन्नाशी गाठत आला असेल. कोठे आहे, ठाऊक नाही. परंतु निदान यापुढे या मंडपात कोणत्याही बापावर हात जोडून मुकाट्याने उठून जाण्याची वेळ येऊ नये, एवढी विनंती करतो.